एनेलेसी भोकं मोजते

दिवस बुडायच्या आत
एनेलेसी मच्छरदाणी दारात ओढून आणते,
उजेडाकडे धरते, मोजते :
इमोड्झी, झिविरी, झिताटू...
नऊ भोकं. कालपर्यंत आठ होती.
नववं तुझं, म्हणते, माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत.
मी झोपेत लाथा झाडतो
हे मला पन्नाशीत, न्खोटाकोटाला येऊन कळलं.

मी शेंगदाण्याचा घाणा बसवायला आलेलो.
सरोवर हाकेच्या अंतरावर. अकरा दिवसांचं काम.
खोक्यात पट्टे, बेअरिंगं, पाने,
आणि वेगळ्या पिशवीत माझ्या रक्ताची राखण :
रोज जेवणावर एक गोळी,
निघायच्या आदल्या दिवशी सुरू, परतल्यावर आणखी सात दिवस.
एकूण एकोणीस. जास्तीची एकही नाही.
पूर्ण बाह्यांचे फिके सदरे.
एक मलम, ज्यानं घड्याळाचा प्लॅस्टिकचा पट्टा
दोन दिवसांत चिकट करून टाकला.
हा सगळा संसार खाटेवर मांडलेला बघून
एनेलेसी म्हणाली, लग्नाला निघालास का?
तिचं इंग्रजी उसनं, माझंही.
हसू मात्र ज्याचं त्याचं.

इथे डासाला उड्झुड्झू म्हणतात.
नाव घेतलं की कानाशी पंख वाजतात.
वायसन, सायकलवरून औषधाची पेटी घेऊन फिरणारा,
भिंतीवर दाखवतो : ही बघ, बूड वर करून तिरकी बसलेली,
अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारखी.
चावते ती मादीच. पोटातल्या अंड्यांसाठी.
एनेलेसी सुई तोंडात धरून म्हणते,
तिलाही पोरं आहेत, मान्य.
म्हणून काय माझी देऊ?

सहाव्या रात्री दाउसीला हुडहुडी भरली.
चार वर्षांचं पोर, चटईवर,
दोन पासोड्यांखाली दात वाजवत.
चटईवर. वर काहीच टांगलेलं नाही.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं,
पाच रात्री मी कुणाच्या दाणीत झोपतोय
हे विचारलंच नव्हतं.

बोटाला टोच, थेंब, पट्टी.
वायसन घड्याळ बघत बसला.
आधी एक रेघ आली.
मग, पहाटे सरोवरावर लांब होडी दिसू लागावी
तशी दुसरी.

तू यायच्या आधीचा चावा आहे हा,
वायसन म्हणाला, माझं तोंड बघून,
ताप चढायला आठ-दहा दिवस तरी जातात.
हिशेब बरोबर होता.
मी सुटलो.
सुटलो, तरी उठून दाणी सोडायला लागलो,
कारण पुढचा चावा कुणाच्या हिशेबात धरायचा?

या गोळ्या स्निग्धाबरोबर द्यायच्या, नाहीतर अंगी लागत नाहीत.
दूध नव्हतं घरात.
आदल्याच दिवशी घाणा फिरला होता.
पहिल्या घाण्याचं तेल दिव्यात घालायची आमच्याकडची रीत;
इथे ते मक्याच्या पेजेत पडलं,
दोन चमचे, पिवळंधमक,
आणि दाउसीनं तोंड वेंगाडत गिळलं.
तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ.
चौथ्या दिवशी तो माझ्या पान्यांशी खेळत होता
आणि दहा नंबरचा अजून सापडलेला नाही.

बाजारातून मी नवी दाणी आणली. निळी.
सायकलवाल्यानं येताना तीच डोक्याला गुंडाळली, उन्हासाठी.
आधी नको म्हणाली एनेलेसी. मग नको म्हणाली नाही.
जुनी मात्र मीच घेऊन बसलो,
पट्टे शिवायचा मेणाचा दोरा काढून.
नववं भोक.
माझे टाके बघून ती म्हणाली,
हे यंत्र आहे की कापड?

आणि तिन्हीसांजेला, कंदील लागायच्या आत,
तिनं ती कोरी निळी दाणीसुद्धा
दारात उजेडाकडे धरली.
मोजण्यासारखं काही नव्हतं.
तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
बोट फिरवत गेली,
ओठ हलत होते.